माझे दोन शब्द, तिचे वीस

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

आजपासून लिहून ठेवणार आहे. तोंडी गोष्ट टिकत नाही, आणि उद्या कोणी उलटलं तर माझ्या बाजूने बोलायला घरात माणूस उरलेला नाही. ह्यांना जाऊन अडीच महिने झाले.

लॉज बारा खोल्यांचं. शिर्डीत, मंदिरापासून चालत सात मिनिटं. बावीस वर्षं हे पुढे काउंटरवर बसले आणि मी मागे राहिले. चादरी, पाण्याच्या टाक्या, झाडणाऱ्या बाया, सगळं माझ्याकडे. आमच्याकडे येणारी निम्म्याहून जास्त माणसं आंध्र-तेलंगणातली. ह्यांना तेलुगू यायची. नेवाशाकडचा माणूस, कुठे शिकले कोण जाणे. बोलून बोलून आली म्हणायचे. मला कधी गरज पडली नाही. मी आतून सांगायचे, हे बाहेर सांगायचे.

आता बाहेर मीच. परवा एक अकरा जणांचं कुटुंब दारात अर्धा तास उभं राहून निघून गेलं. ते काय विचारतात मला कळेना, मी काय सांगते त्यांना कळेना. त्यांची हिंदी माझ्या हिंदीसारखीच.

मुलगा कल्याण पुण्याहून रोज फोन करतो. एक कंपनी अशी लॉजं चालवायला घेते, तिला देऊन टाकू आणि तू इकडे फ्लॅटवर ये, असं त्याचं म्हणणं. फ्लॅटवर येऊन मी काय करू ते तो सांगत नाही. दसऱ्यापर्यंत थांब म्हटलंय.

आज शेजारच्या फुलवाल्या फरीदाने एक बाई आणून उभी केली. पुष्पावती कोडम, नगरच्या तोफखाना भागातली, पद्मशाली, म्हणजे मूळचे तिकडचे विणकर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. वय पंचेचाळीस. लहानपणापासून विड्या वळल्या, आता ते काम कमी झालंय. नवरा नाही, मुलगी लग्न होऊन सोलापूरला. जिन्याखालची खोली तिला राहायला दिली.

माझं नाव कडूबाई आहे हे ऐकून ती हसली. मी ते लक्षात ठेवलं आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

बाबांचा वार, गर्दी. एका जोडप्याला खोली दुपारी तीनपर्यंत हवी होती. मी पुष्पावतीला म्हणाले, "न्हाई म्हणावं. बारा म्हंजे बारा. ही काय धर्मशाळा न्हाई."

ती बोलायला लागली ती बोलतच राहिली. मधेच माझ्याकडे हात केला. ती बाई हसली. बारा वाजता दोघांनी किल्ली आणून दिली आणि जाताना मला हात जोडले.

नाही म्हटल्यावर कोण हात जोडतं?

"एवढं काय सांगितलंस?" मी विचारलं.

"तेच की बाई. बारा वाजता सोडा म्हणून."

"त्याला एवढा येळ?"

"तेलुगू लांबच असते."

हे खरं नसावं. ह्यांचंही बोलणं लांबायचं, पण ह्यांना मुळातच बोलायची हौस होती.

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज मोजलं. "चप्पल बाहेर" हे माझे दोन शब्द. तिचे वीस झाले, त्यापुढे मी मोजायचं सोडलं.

दुपारी चार नंबरमधल्या बाईने मला एक डबा दिला. कागदासारखे पातळ पापुद्रे आणि आत गूळ-तूप. मला अम्मा म्हणाली आणि वाकून पाया पडली. सकाळीच हिला मी नळ उघडा ठेवला म्हणून झापलं होतं. पुष्पावती मधे उभी होती. ज्या बाईला मी झापलं ती मला मिठाई देते, म्हणजे मधे काहीतरी घडतंय.

मिठाई चांगली होती. पुष्पावतीला दिली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार

सलग सुट्ट्या, सगळ्या खोल्या भरल्या. पुष्पावती पायरीवर बसून सहा-सात बायकांशी बोलत होती. सगळ्या हसत होत्या. मी दारात आले तशा गप्प झाल्या, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा हसल्या.

फरीदाकडे गेले. तिचं फुलांचं, प्रसादाचं आणि चादरींचं दुकान. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाच भाषांमधून गिऱ्हाईक बोलावते. तिला विचारलं, ही बाई कशी आहे, खरं सांग.

"भाभी, खोल्या भरल्या ना?"

"भरल्यात."

"मग कान कशाला लावता? माझ्याकडून पन बायका जाताना विचारून जातात, वो अम्मा का लॉज किधर है. पहिले कधी विचारत नव्हत्या."

म्हणजे नाव माझं नाही, 'अम्मा का लॉज'. आणि ती अम्मा कोण, हे मला कोणी सांगितलेलं नाही. फरीदाने पुष्पावतीला आणलं, तेव्हा फरीदा तिच्याच बाजूने बोलणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

मी तेलुगू शिकते आहे. कोणाला सांगितलेलं नाही. दुपारी दोन ते तीन कपड्यांच्या खोलीत कडी लावून, कानात ते वायरचं घालून. फोनमध्ये एक बाई शिकवते. सोनईच्या शाळेत मी पाठांतरात पहिली होते, पन्नाशी उलटली म्हणून डोकं गेलेलं नाही.

पहिलाच शब्द 'या, बसा' मधला 'या' निघाला, तेलुगूत 'रंडि'. तो मी तोंडाने उच्चारू शकत नाही, आपल्याकडे त्याचा अर्थ लिहिण्यासारखा नाही. त्याच्या पुढच्यापासून सुरुवात केली. नीळ्ळु म्हणजे पाणी. गदि म्हणजे खोली. लेदु म्हणजे नाही.

आज पहिल्यांदा उपयोग झाला. पुष्पावती नऊ नंबरच्या म्हाताऱ्या बाईशी बोलत होती, मी जिन्यावर फडकं मारत होते. तिने माझ्याकडे मान वळवली, आवाज खाली आणला आणि म्हणाली, "पापम." म्हातारीनेही मान हलवली आणि म्हणाली, "पापम, पापम."

पाप हा संस्कृत शब्द. तो कुठेही गेला तरी पापच राहणार.

मी काय पाप केलं? ह्यांच्या शेवटच्या दिवशी मी खालीच होते, गिझरवाल्याशी भांडत. वर गेले तोवर झालं होतं. पण हे तिला कोणी सांगितलं?

३ सप्टेंबर, बुधवार

कल्याणचा फोन. आवाज वेगळाच होता.

"आई, आपल्या लॉजबद्दल लोकांनी नेटवर लिहिलंय. तेलुगूत आहे. फोनने मराठी करून वाचलं. लॉज आपलंच आहे ना, ते बघतोय."

"काय लिहिलंय?"

"मालकीणबाई फार मायेने बोलतात. आईच्या घरी आल्यासारखं वाटतं. असं चौदा जणांनी."

मी काउंटरवरची वही मिटली.

"आई, तू त्यांना नक्की काय बोलतेस?"

"जे बोलायचं तेच बोलते."

तो हसला. मला ते आवडलं नाही. हे सगळं पुष्पावतीनेच लिहून घेतलं असणार. कशासाठी, ते अजून कळत नाही. एखादी गोष्ट माणूस उगाच चांगली करत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

पुरावा मिळाला.

मी म्हणाले, "आठनंतर चहा मिळनार न्हाई, सांग." ती सांगू लागली. एनिमिदि म्हणजे आठ, ते आलं. मग पुढे आलं 'पर्वालेदु'. मी लगेच कपड्यांच्या खोलीत जाऊन बघितलं. पर्वालेदु म्हणजे हरकत नाही. आठ वाजले तरी हरकत नाही!

आणि वाक्याच्या शेवटी दर वेळी 'अम्मा चेप्पिंदि'. म्हणजे अम्मा म्हणाली. मी न बोललेलं ती माझ्या नावावर खपवते आहे.

तिला अजून काही बोलले नाही. माझी तेलुगू तिला कळली तर ती सावध होईल. एकदा हाताला काहीतरी मोठं लागू दे.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पाच नंबरमध्ये गुंटूरकडचं एक म्हातारं जोडपं आहे. दोघंच आली आहेत. म्हाताऱ्याला परवापासून ताप. आज खोली सोडायची होती, पुढच्या माणसांचं आधीच ठरलेलं. म्हातारी काउंटरवर येऊन रडू लागली.

मी पुष्पावतीला स्पष्ट सांगितलं, "आजारी मानूस मी ठेवनार न्हाई. उद्या काय झालं तर पोलीस माझ्या दारात. तब्येत बरी नव्हती तर आनलं कशाला एवढ्या लांब. एक वाजेपर्यंत खोली मोकळी पायजे."

पुष्पावती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "बाई, असंच सांगू?"

"असंच सांग."

ती हळू हळू बोलली. मी कान लावला, पण ती तोंडातल्या तोंडात बोलत होती. म्हातारीने माझा हात धरला आणि आपल्या दोन्ही डोळ्यांना लावला. तिचे डोळे ओले होते, माझा हात ओला झाला. एक वाजता खोली मोकळी झाली.

जाताना दिसली नाहीत. गेली असतील.

२० सप्टेंबर, शनिवार

फिनेलची बाटली घ्यायला जिन्याखालच्या खोलीत गेले. कॉटवर म्हातारा झोपलेला. कपाळावर ओली पट्टी. म्हातारी खाली बसून त्याचे पाय दाबत होती. मला बघून उठली आणि हसली, जणू मी विचारपूस करायलाच आले.

पुष्पावती रात्री स्वयंपाकघरात फरशीवर झोपली होती म्हणे.

तिला मागच्या अंगणात नेलं. ती लपवायला गेली नाही.

"मी म्हटलं, अम्मा म्हणतात खोली दुसऱ्यांना द्यायची आहे, पण बरं वाटेपर्यंत तुम्ही खाली राहा."

"मी असं म्हटलं?"

"न्हाई."

"आणि आजवर? ते बारा वाजताचं? चहाचं? नळाचं?"

"तेपन न्हाई."

"माझ्या तोंडून तू बोलतीयेस. माझ्या लॉजमध्ये, माझ्या नावानं."

ती म्हणाली, "बाई, तुमचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं असतं, तर लॉजात आज कुत्रं आलं नसतं. आणि तुम्ही मनातून तशा नाही असं मला वाटायचं. आता ते चुकीचं असेल."

मी म्हणाले, "मला पापी म्हनत गावभर फिरतीस, मला तेलुगू समजते."

तिचा चेहरा असा झाला, जणू तिला काही कळलंच नाही. नाटक चांगलं करते. मी म्हटलं, आजच्या आज निघ. दुपारच्या एसटीने ती गेली. जाताना म्हाताऱ्याच्या गोळ्या कधी कोणत्या द्यायच्या ते कागदावर लिहून माझ्या काउंटरवर ठेवून गेली.

ती गेली. ती दोघं मात्र आहेत. त्यांना कसं सांगू की जा? मला 'जा' हा शब्द फोनवाल्या बाईने शिकवलेला नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

थोडक्यात लिहिते.

सकाळी म्हातारीने दार वाजवलं. म्हातारा घामाने भिजलेला, काहीतरी पुटपुटत होता. डॉक्टरला फोन लावला, ते म्हणाले, नेमकं काय दुखतंय विचारा. मी विचारू कशी? पुष्पावतीला फोन करावा असं मनात आलं, पण केला नाही. मग आठवलं. दुखणं म्हणजे नोप्पि. कुठे म्हणजे एक्कड.

"एक्कड नोप्पि?" मी म्हणाले. दोनदा, तीनदा.

त्याने डोळे उघडले. छातीवर हात ठेवला, मग तो डाव्या खांद्यावरून खाली दंडापर्यंत आणला.

डॉक्टरला तसं सांगितलं. त्यांनी वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही, ॲम्ब्युलन्स बोलावा म्हणाले. दवाखान्यात सगळे मला विचारत होते, पेशंट तुमचा कोण. तिथल्या नर्सने म्हाताऱ्याला आधी काय काय झालंय विचारलं, ते मला विचारता आलं नाही. म्हातारी सांगत होती, खूप सांगत होती, आणि ते सगळं आमच्या डोक्यावरून जात होतं. शेवटी त्यांनी मोबाईलवरून तिच्या मुलाशी बोलून घेतलं.

वेळेत आणलं, असं म्हणाले.

२२ सप्टेंबर, सोमवार

मुलगा आला. हैदराबादला नोकरी करतो, हिंदी बरी आहे. दवाखान्याच्या पायरीवर माझ्या पाया पडला. म्हणाला, आईने फोनवर सगळं सांगितलं. तुम्ही शुक्रवारी काय बोललात ते तिने मला दोनदा सांगितलं.

मी विचारलं, काय बोलले मी?

तो म्हणाला, "आप बोले, मेरे पति इसी साल गये. बीमार आदमी को दरवाज़े से लौटाऊँगी तो मुझे नींद नहीं आएगी."

मी असं आयुष्यात कोणाला बोललेले नाही. बोलणारही नाही.

पण मला झोप लागत नाही, हे पुष्पावतीला कसं कळलं? मी कोणालाही सांगितलेलं नाही. ती माझ्यावर पाळत ठेवून होती हे आता नक्की झालं.

२७ सप्टेंबर, शनिवार

फरीदाशी भांडायला गेले होते. तिने आणलेल्या बाईने मला फसवलं, हे तिला तोंडावर सांगायचं होतं. सगळं सांगितलं. ती झेंडू ओवत होती, सुई थांबवली नाही.

"भाभी, एक बोलू? गुस्सा नका होऊ."

"बोल."

"पुष्पानं नवीन काय केलं? अंगदभाऊ बावीस साल तेच करायचे. तुम्ही आतून वरडायच्या, आमाला इथपर्यंत ऐकायला यायचं. ते बाहेर हसून सांगायचे, आमची मंडळी म्हनतात जेवून जा. आमी इथं बसून हसायचो."

"कोण कोण हसायचं?"

"सगळा बाजार, भाभी."

मी उठून आले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

मधले दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं सुचेना. बावीस वर्षं मला वाटत होतं की मी आतून लॉज चालवते आहे. माझा शब्द बाहेर जातो आणि माणसं तो पाळतात. तो शब्द दारापर्यंतही गेला नव्हता. ह्यांच्यावर चिडावं तर फोटोला हार घातलेला. आज सकाळी तो बदलताना म्हटलं, एकदा तरी सांगायचं होतं. मग वाटलं, सांगितलं असतं तर मी काय केलं असतं ते ह्यांना पक्कं माहीत होतं.

काउंटरवर एकटीच आहे. पन्नास-साठ शब्द आहेत माझ्याकडे. आज एका माणसाने बाल्कनीतून उष्टं खाली टाकलं, फरीदाच्या ताडपत्रीवर. मी तरातरा वर गेले. तोंड उघडलं आणि काही येईना. फोनवाल्या बाईने मला बसा, जेवलात का, पाणी हवं का, दुखतंय का, एवढंच शिकवलंय. रागावायचं शिकवलेलं नाही. दारात उभी राहून शेवटी मी म्हणाले, "दयचेसि." म्हणजे कृपा करून. आणि खाली बोट दाखवलं. तो माणूस एवढा शरमला की स्वतः खाली जाऊन ताडपत्री धुऊन आला.

कल्याण सकाळी आला होता. हे सगळं जिन्यात उभा राहून बघत होता. कंपनीचे कागद त्याच्या बॅगेत होते, मला चेन उघडी दिसत होती. त्याने ते काढले नाहीत. जेवताना म्हणाला, "आई, ती नगरची बाई परत येईल का?"

"का? तुला कंपनीला द्यायचंय ना?"

"ती असेल तर राहू दे म्हणतोय."

म्हणजे मी असून उपयोग नाही, ती असली तर. माझ्या मुलालाही तिचंच.

७ ऑक्टोबर, मंगळवार

नगरला जाऊन आले. एसटीवर पाटी अहिल्यानगरची, कंडक्टर ओरडत होता नगर-नगर. तोफखान्यात विचारत विचारत गेले. गल्लीत दोन पोरी भांडत होत्या, निम्मं मराठी, निम्मं तेलुगू, शिव्या मराठीत. मला ते बरं वाटलं.

पुष्पावती दारात बसून शिलाई करत होती. मला बघून उठली, पाणी दिलं. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही. आत तिची ऐंशी वर्षांची आई सुपात विड्या वळत होती. पुष्पावतीने तिला मी कोण ते सांगितलं. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुक केली आणि म्हणाली, "पापम."

मी पिशवी उचलली. "आल्या आल्या? हेच शिकवलं व्हय घरात?"

"काय झालं?" पुष्पावती म्हणाली.

"पापी म्हनली मला. तूपन म्हनायचीस. नऊ नंबरच्या बाईला सांगत होतीस, मी ऐकलंय."

ती बघत राहिली आणि मग खाली बसून हसायला लागली. हसून झाल्यावर म्हणाली, "बाई, आमच्यात पापम म्हंजे बिचारी. नवरा गेला, एकटीनं लॉज चालवते, म्हणून म्हटलं."

मी पिशवी परत खाली ठेवली. पण मनात म्हटलं, त्यापेक्षा पापी परवडली असती. दीड महिना बारा खोल्यांमध्ये मी बिचारी होते, आणि मिठाई खात होते.

"आणि पायरीवर बसून हसायच्या सगळ्या, ते?"

"मला हसायच्या. माझी तेलुगू त्यांना येड्यासारखी वाटते. आमी पिढ्यान्‌पिढ्या इथं, आमच्या तेलुगूत निम्मं मराठी. म्हणायच्या, ही मराठी बाई तेलुगू छान बोलते. इथं शाळेत पोरी मला तेलंगी म्हणायच्या. तिकडच्यांना मी मराठी. मग मीपन त्यांच्याबरोबर हसते. रडून काय करू?"

चहा प्याले. चहात वेलदोडा होता.

मग ज्या कामाला आले ते बोलले. परत ये. पण एक अट. मी जे बोलेन तेच सांगायचं, वर नाही, खाली नाही.

तिने दोरा गुंडाळून ठेवला. "मी तुमच्या नावावर खोटं बोलले, ते माझं चुकलं. तुम्ही चांगल्यासाठी केलंस म्हणालात तरी चुकलं."

"मी तसं म्हनलेच न्हाई."

"माहितीये. तर मी जसंच्या तसं सांगीन. पण मंग तुम्हाला ते झेपलं पायजे. समोरची बाई रडली तर ती तुमच्यामुळं रडली, माझ्यामुळं न्हाई."

मी हो म्हटलं. म्हाताऱ्याचं काय झालं, हे तिने निघताना विचारलं. घरी गेला म्हटल्यावर तिने डोळे मिटले. एक्कड नोप्पि हे मी विचारलं, ते मात्र तिला सांगितलं नाही. कशाला सांगायचं.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

पुष्पावतीला येऊन आठवडा झाला. अट पाळते. नको इतकी पाळते. परवा मी एका माणसाला उद्देशून म्हणाले, "ह्याला डोळे हायेत का, पाटी दिसत न्हाई?" ती त्याच्याकडे वळली, तोंड उघडलं आणि माझ्याकडे बघून थांबली.

"सांगू?"

मी त्या माणसाकडे बघितलं. सगळा घामेजलेला, कडेवर झोपलेलं लेकरू.

"थांब," मी म्हणाले. "म्हनावं, पाटी तिकडं लावलीये."

तिने तेवढंच सांगितलं. असं दिवसातून दहा-बारा वेळा होतं. माझं बोलणं कमी झालंय. दमायला होतं.

आज सकाळी एक कुटुंब आलं, बरोबर एक ताठ कण्याची म्हातारी. तिने मला नीट बघून घेतलं आणि माझ्यासमोरच पुष्पावतीला विचारलं, ही बाई कशी आहे. एवढं मला समजतं, हे तिला माहीत नव्हतं. पुष्पावतीला माहीत होतं.

पुष्पावती माझ्याकडे न बघता म्हणाली, "कोपम उंदि, मोसम लेदु."

कोपम कळला. राग आहे. पण मोसम? माझा कोणता मोसम नाही? म्हातारी मान डोलावत होती. आधीसारखं असतं तर मी कपड्यांच्या खोलीत गेले असते. पाऊल उचललंही होतं.

"मोसम म्हंजे काय गं?" मी विचारलं.

"फसवणूक."

"म्हंजे राग हाय आणि..."

"आणि फसवणूक न्हाई. जसंच्या तसं सांगितलं, बाई. काही वर न्हाई, खाली न्हाई."

मी वहीत त्यांची नावं लिहून घेऊ लागले. अक्षर जरा वाकडं आलं. म्हातारीने पुढचा प्रश्न विचारला, गरम पाणी दिवसभर असतं का. बाहेरच्या पाटीवर चोवीस तास असं ह्यांनीच रंगवून घेतलेलं आहे. पुष्पावती गप्प उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत.

"सकाळी सहा ते नऊ," मी म्हणाले. "सांग."

तिने सांगितलं. म्हातारीने थोडा विचार केला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

पाटी या आठवड्यात बदलून घेते. कल्याणला कळवलं आहे की कागद कंपनीला परत पाठव. आणि पुष्पावती कोणाला काय सांगते, ते ऐकायला मी इथे काउंटरवर बसलेली आहे.